मोदल केळ्री, मग उघडा: टू-स्ट्रोकचा पिस्टन वाजतो तेव्हा

डिसेंबरात बेळगावात सकाळी सातला खिशातून हात बाहेर काढवत नाही. अशा वेळी यामाहाच्या आरएक्स हंड्रेड या जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलला दोन-तीन किक मारल्या की ती जागी होते, आणि पहिलं मिनिटभर ब्लॉकमधून, म्हणजे ज्यात पिस्टन वर-खाली होतो त्या नळकांड्यातून, एक पोकळ टकटक ऐकू येते, रिकाम्या डब्यावर बोटाच्या पेराने वाजवल्यासारखी. गाडी तापते तशी ती विरते. मालकाच्या मनातून मात्र ती जात नाही. चहाच्या टपरीवर कोणीतरी सांगतं, "पिस्टन गेला की वो, बोअर करून टाका." दोन दिवसांत ब्लॉक बोअरिंगच्या, म्हणजे आतली भिंत कापून भोक मोठं करण्याच्या, मशीनवर चढलेला असतो.

त्या दोन दिवसांत काय करायला हवं, ते मला इथे सांगायचं आहे.

घाई नको याचं कारण साधं आहे. आरएक्स हंड्रेड १९८५ ते १९९६ या काळात बनली. मैसूरचा जावा-येझदीचा कारखानाही १९९६ मध्येच बंद पडला. निपाणीपासून खानापूरपर्यंत आज ज्या जुन्या टू-स्ट्रोक पळतात, त्यांचे ब्लॉक नव्याने जन्माला येणार नाहीत. आणि एका ब्लॉकला बोअर करण्याच्या संधी मोजक्या असतात. आधी स्टँडर्ड, मग पाव मिलिमीटर मोठा पिस्टन, मग अर्धा, मग पाऊण, मग एक. चार वेळा संपल्या की स्लीव्ह, म्हणजे ब्लॉकच्या आतली नळी, बदलायची, आणि टू-स्ट्रोकच्या स्लीव्हमध्ये पोर्टच्या, म्हणजे मिश्रण आत यायच्या आणि धूर बाहेर जायच्या, खिडक्या असल्यामुळे ते काम चांगलं करणारा माणूस शोधावा लागतो. गरज नसताना केलेला एक बोअर म्हणजे गाडीच्या आयुष्यातली काही वर्षं लोखंडाच्या किसाबरोबर झाडून टाकणं.

मी ज्यांच्याकडे हे शिकलो ते मेस्त्री घरी मराठी बोलत, गॅरेजात अर्धं कन्नड. कोणी गाडी घेऊन आला आणि पान्याकडे हात गेला की ते म्हणत, "मोदल केळ्री." आधी ऐका. लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाच्या हाडाला टेकवून, टोक इंजिनच्या एकेका भागावर ठेवत ते पाच-सात मिनिटं नुसते ऐकत बसायचे. तेव्हा मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा.

पिस्टन आपटतो म्हणजे नक्की काय होतं

पिस्टन सरळ वर-खाली जातो, पण त्याला खालच्या फिरत्या क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड सरळ नसतो. क्रँक फिरतो तसा रॉड तिरका होतो, आणि तिरक्या रॉडमुळे पिस्टन एका भिंतीवर रेलतो. वर चढताना तो एका बाजूला रेललेला असतो, स्फोट होऊन खाली येताना दुसऱ्या बाजूला. म्हणजे वरच्या टोकाजवळ प्रत्येक फेऱ्यात त्याला बाजू बदलावी लागते. पिस्टन आणि भिंत यांच्यात जेवढी मोकळी जागा, तेवढं अंतर तो आडवा फेकला जातो आणि समोरच्या भिंतीवर आपटतो. हीच ती टकटक. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, म्हणून ठोकाही प्रत्येक फेऱ्याला पडतो. आयडलला इंजिन मिनिटाला १,२०० फेरे घेत असेल तर सेकंदाला वीस ठोके.

बहुतेक गाड्यांत स्फोटाच्या जोराचा रेटा मागच्या, म्हणजे कार्ब्युरेटरकडच्या भिंतीवर येतो. म्हणून पिस्टनचा स्कर्ट, म्हणजे खालची कडेची भिंत, तिथे जास्त झिजतो. एअर फिल्टरमधून निसटलेली धूळही त्याच बाजूने आत येते. दोन्ही मारा एकाच जागी.

मग ही मोकळी जागा ठेवायचीच कशाला? कारण पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि स्लीव्ह बिडाची. उष्णतेने ॲल्युमिनियम जास्त फुगतं. पन्नास मिलिमीटरचा, सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा पिस्टन शंभर अंशांनी तापला तर सुमारे ०.०९ मिलिमीटर वाढतो. तेवढ्याच तापमानाला बिडाचा बोअर, म्हणजे स्लीव्हचं भोक, ०.०५५ च्या आसपास. म्हणजे गार असताना असलेल्या जागेतले ०.०३५ मिलिमीटर गरम झाल्यावर संपतात. मशीनशॉपच्या भाषेत ३५ मायक्रॉन, जुन्या लोकांच्या भाषेत दीड थाऊच्या थोडं कमी (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). छोट्या एअर-कूल्ड टू-स्ट्रोकमध्ये साधारण ४० ते ६० मायक्रॉन जागा ठेवतात ती या हिशोबाने. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून किंवा पिस्टनच्या डब्यावरून घ्या. येझदीचा ६५ मिलिमीटरचा पिस्टन आणि आरएक्सचा ५० चा यांना एकच माप लावू नका.

यातूनच सकाळच्या टकटकीचा अर्थ लागतो. गार इंजिनात जागा जास्त, म्हणून आवाज. गरम इंजिनात जागा भरली, आवाज गेला. मिनिट-दोन मिनिटांत पूर्ण विरणारी टकटक असलेली गाडी अजून बरेच दिवस चालते. जो आवाज पंधरा मिनिटं पळवल्यावरही तसाच राहतो, किंवा गरम झाल्यावरच सुरू होतो, त्याची काळजी करायची.

टकटक दर वेळी पिस्टनचीच नसते

हा भाग सावकाश वाचा. माझ्या पाहण्यात 'पिस्टन वाजतोय' म्हणून आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत पिस्टनचा काही दोष नव्हता.

पहिली परीक्षा फुकट आहे. गाडी न्यूट्रलमध्ये आयडलला चालू ठेवा आणि क्लचचा लिव्हर हळूच ओढा. खडखड थांबली किंवा एकदम बदलली तर ती क्लचच्या डब्याची आहे. डब्यातले रबर आणि स्प्रिंगा ढिल्या झाल्या की आयडलला तो भयंकर वाजतो, आणि बाहेरून ऐकणाऱ्याला वाटतं ब्लॉकच फुटतोय. या एका परीक्षेने कितीतरी ब्लॉक वाचतील.

मग बाहेरचं बघा. सायलेन्सरच्या बेंडचा नट ढिला असेल तर तिथून फटफट हवा सुटते आणि ऐकू येताना ठोक्यासारखी येते. सायलेन्सरच्या आतली जाळी सुटली असेल तर ती वेगळी खणखणते. ज्या ब्लॉकच्या फिनांमध्ये रबराचे तुकडे बसवलेले असतात, तिथे ते वाळून गळून पडले की फिना घंटेसारख्या घुमतात आणि साधा आवाज दुप्पट होतो. मॅग्नेटचा, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या वीज बनवणाऱ्या चाकाचा, नट ढिला असेल तर टकटक त्या बाजूच्या झाकणातून येते, आरएक्सवर डाव्या. स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकलं की हा फरक लगेच कळतो. गाडी मात्र उघड्यावर उभी करा, बंद शेडमध्ये धूर कोंडतो, आणि चालू इंजिनजवळ वाकताना गळ्यातला मफलर काढून ठेवा.

आता आतले आवाज. पिस्टनची टकटक पोकळ असते आणि ब्लॉकच्या मधोमध, पुढून किंवा मागून सर्वांत स्पष्ट ऐकू येते. गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन) किंवा स्मॉल एंडचं, म्हणजे रॉडच्या वरच्या टोकाचं, बेअरिंग गेलं असेल तर आवाज बारीक आणि धारदार येतो, टिक्‌टिक्, जरा वरच्या बाजूने, आणि मधल्या थ्रॉटलवर गाडी हलकी पळत असताना तो जास्त जाणवतो. बिग एंडचा, म्हणजे रॉडच्या खालच्या टोकाचा, ठोका जड. चढाला थ्रॉटल ओढला की 'ठक-ठक' खालून, क्रँककेसमधून येते, फूटरेस्टवरून पायालाही कळते. क्रँक ज्यावर फिरतो ते मेन बेअरिंग ठोके देत नाही, ते घरघरतं, आणि फेरे वाढतील तशी घरघरही चढते.

पिस्टनभोवतीची रिंग तुटली असेल किंवा तिचं टोक पोर्टमध्ये अडत असेल तर 'चर्र' असा खरवडल्याचा आवाज येतो. तो ऐकला की गाडी तिथेच बंद करा आणि ढकलत घरी आणा. पुढचा एक किलोमीटरसुद्धा ब्लॉकला महाग पडतो.

आणि एक आवाज असा, की तो कोणत्याच भागाचा नसतो. चोर्ल्याचा किंवा आंबोलीचा घाट चढताना, वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण ओढल्यावर येणारी 'किणकिण', काचेच्या गोट्या डब्यात हलवल्यासारखी. ते पेट्रोल-हवेचं मिश्रण चुकीच्या रीतीने भडकण्याचं लक्षण. टायमिंग पुढे असेल, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडत असेल, हेडमध्ये (ब्लॉकवरच्या झाकणात) कार्बन साचला असेल किंवा मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, असेल तर असं होतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच. इथल्या हवेला जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) लावलेली गाडी गोव्यात उतरली की तिथल्या दाट हवेत तिचं मिश्रण आणखी पातळ होतं. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण पुन्हा पातळच. ही किणकिण दुर्लक्षिली तर पिस्टनचा माथा वितळून भोक पडतं. बोअर करून ती जात नाही. टायमिंग, जेट आणि कार्बन बघा.

घाट उतरण्याबद्दलही याच ठिकाणी सांगून टाकतो. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलबरोबर मिळतं. थ्रॉटल पूर्ण मिटून, गिअरमध्ये ठेवून, इंजिनच्या ब्रेकवर तिळारीचा घाट उतरत गेलात तर इंजिन जोरात फिरत असतं आणि ऑइल मात्र थेंब-थेंब पोचतं. ऑइलचा वेगळा पंप असलेल्या गाड्यांतही पंप थ्रॉटलला जोडलेला असतो, त्यामुळे तिथेही बऱ्याच अंशी तेच. मध्येमध्ये क्लच दाबून थोडा थ्रॉटल द्या. पिस्टन आणि स्मॉल एंड दोघांनाही घोटभर ऑइल मिळतं.

ब्लॉक न उघडता काय दिसतं

सायलेन्सर उतरवा. दोन नट आणि एक बोल्ट, दहा मिनिटांचं काम. एक्झॉस्टच्या तोंडातून टॉर्च मारा आणि मॅग्नेट हाताने सावकाश फिरवा. पिस्टनचा पुढचा भाग आणि रिंगा तुमच्या डोळ्यांसमोरून वर-खाली जातात. उभे ओरखडे दिसतात का, रिंगा दाबल्यावर आत-बाहेर होतात का की कार्बनने चिकटल्या आहेत, पिस्टनचा रंग कसा आहे, हे सगळं हेडला हात न लावता कळतं.

बांबूची बोथट काडी घेऊन पिस्टनला हलकेच मागे रेटा आणि सोडा. थोडी हालचाल असतेच, असायलाच हवी. पण 'टक्' असा स्पष्ट आवाज करून तो मागे जाऊन आदळत असेल तर जागा वाढली आहे. इथे हाताला सवय लागते. शेजारच्या चांगल्या गाडीवर एकदा करून पाहिलंत तर फरक लक्षात येतो.

बिग एंडसाठी प्लग काढा, भोकातून एक लांब सरळ लाकडी काडी पिस्टनच्या माथ्यावर टेकवून धरा, पिस्टन साधारण अर्ध्या वाटेवर आणा आणि मॅग्नेट थोडं पुढे-मागे हलवा. काडी लगेच हलायला हवी. मॅग्नेट हलतं आणि काडी क्षणभर गप्प राहते असं झालं, तर मधे कुठेतरी ढिलेपणा आहे, पिनमध्ये किंवा बिग एंडमध्ये. काडी आत पडणार नाही एवढी लांब घ्या.

कॉम्प्रेशन चांगलं आहे, किक जड लागते, म्हणजे पिस्टन ठीक आहे, असं मानू नका. कॉम्प्रेशन रिंगा धरून ठेवतात. पिस्टनचा स्कर्ट झिजून ढिला झाला तरी नव्या रिंगा कॉम्प्रेशन देत राहतात.

मोजायची वेळ

ब्लॉक उतरवायचाच झाला तर क्रँककेसच्या तोंडात आधी स्वच्छ कापड कोंबा. गजन पिनचं लॉक उडून आत गेलं तर अख्खं इंजिन फोडावं लागतं.

पिस्टन गोल नसतो. हे ऐकून बरेच जण चमकतात. तो किंचित लंबगोल असतो, पिनच्या दिशेने कमी आणि तिच्या काटकोनात जास्त. शिवाय वरती निमुळता असतो, कारण माथा जास्त तापतो, जास्त फुगतो. म्हणून मोजायची जागा एकच, स्कर्टच्या खालच्या बाजूला, पिनच्या काटकोनात, मॅन्युअल सांगतं त्या उंचीवर. यामाहाच्या छोट्या गाड्यांत ती खालच्या कडेपासून साधारण पाच ते दहा मिलिमीटर वर येते. रिंगांजवळ मोजलेला पिस्टन नेहमी 'झिजलेला' दिसतो आणि तुम्हाला नवा घ्यायला लावतो.

मोजायला बाहेरचा मायक्रोमीटर हवा. व्हर्नियर इथे कामाचा नाही. साध्या व्हर्नियरवर वीस ते पन्नास मायक्रॉन वाचता येतात, आणि आपला सगळा प्रश्नच पन्नास मायक्रॉनचा आहे.

बोअर मोजायला बोअर गेज, म्हणजे भोकाचा आतला व्यास मोजणारं साधन, लागतं. वर, मध्ये आणि खाली अशा तीन खोलींवर, प्रत्येक ठिकाणी पुढून-मागे आणि पिनच्या दिशेने, अशी सहा मापं घ्या. पोर्टच्या खिडकीवर गेजचं टोक ठेवू नका. वरच्या आणि खालच्या मापात ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर बोअर निमुळता झाला. एकाच खोलीवरच्या दोन मापांत ०.०१ पेक्षा जास्त फरक असेल तर तो लंबगोल झाला. या मर्यादा छोट्या टू-स्ट्रोकना सर्वसाधारण लागू पडतात.

सर्वांत मोठ्या बोअरच्या मापातून पिस्टनचं माप वजा करा. तो तुमचा क्लिअरन्स. ०.१० च्या पुढे गेला तर काहीतरी बदलायची वेळ आली.

बदलायचं काय, हे मात्र त्या दोन आकड्यांवरून ठरतं. समजा बोअर ५०.०१ आणि पिस्टन ४९.९०. फरक ०.११. टपरीवरचा सल्ला ऐकला तर ब्लॉक बोअर होईल. पण इथे ब्लॉक जवळपास नवा आहे, झिजला आहे तो पिस्टन. नवा स्टँडर्ड पिस्टन ४९.९६ चा आणला की क्लिअरन्स ०.०५ वर येतो आणि पाव मिलिमीटरचा बोअर वाचतो. आता उलट धरा, बोअर ५०.०९, पिस्टन ४९.९५. इथे नवा स्टँडर्ड पिस्टन घालून टकटक जाणार नाही, बोअर करावाच लागेल. दोन्ही गाड्या रस्त्यावर सारख्याच वाजतील. मोजल्याशिवाय त्यांच्यातला फरक कोणालाच सांगता येणार नाही, कितीही जुना मेस्त्री असो.

घरी बोअर गेज नसतं. पण आपण राहतो त्या भागाचं भाग्य हे, की खानापूर रोडवर उद्यमबाग आहे. मायक्रॉनमध्ये काम करणारी माणसं तिथे शेकड्यांनी आहेत, आणि तुमच्या गल्लीत, नात्यात एखादा तरी कोणी मशीनवर असतोच. ब्लॉक आणि पिस्टन कापडात गुंडाळून त्याच्याकडे न्या. एक काळजी घ्या, दोन्ही वस्तू तासभर तरी एकाच जागी, सावलीत राहू द्या आणि मगच मोजा. पिस्टन उन्हात ठेवलेल्या डिकीतून आणि ब्लॉक गार फरशीवरून आला तर दहा अंशांच्या फरकाने पिस्टन ९ मायक्रॉन मोठा दिसतो.

गेज मिळालंच नाही तर लांब पातीचं फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांचा जुडगा, चालतं. रिंगा काढलेला पिस्टन बोअरमध्ये, आपल्या नेहमीच्या दिशेने, स्कर्टच्या मागच्या बाजूला पाती घालून बसवा. ज्या जाडीची पाती किंचित अडत सरकते तो तुमचा अंदाज. लंबगोलपणा यात कळत नाही, पण 'ठीक' आणि 'संपला' एवढा फरक कळतो. जुने मेस्त्री कोरडा पिस्टन बोअरमध्ये सोडून तो स्वतःच्या वजनाने किती सावकाश उतरतो ते बघायचे. मी तो प्रयोग अजूनही करतो, पण आकड्यानंतर.

रिंगेची फट मोजायला विसरू नका. रिंग एकटी बोअरमध्ये घाला, पिस्टनच्या माथ्याने ढकलून सरळ करा आणि टोकांमधली फट फिलरने मोजा. पन्नास मिलिमीटरच्या बोअरला ०.१५ ते ०.३५ च्या आसपास बरी. ०.७ च्या पुढे गेली तर रिंग गेली. आणि टू-स्ट्रोकच्या पिस्टनला रिंगेच्या खाचेत बारीक खुंटी असते, रिंगेची टोकं तिच्यावर बसायला हवीत. ती चुकली तर टोक पोर्टमध्ये अडकून मोडतं.

कनेक्टिंग रॉडबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ब्लॉक काढल्यावर रॉडचं वरचं टोक डावी-उजवीकडे हलतं, मिलिमीटरभर किंवा थोडं अधिक, आणि बघणारा म्हणतो, 'रॉड गेला'. तसं हलणं इंजिन बनवणाऱ्यानेच ठेवलेलं असतं. रॉड धरून सरळ वर-खाली ओढा. त्या दिशेने जरासुद्धा 'टिक्' जाणवली तर बिग एंड गेला, आणि तेव्हा नवा पिस्टन घालून काहीही साधणार नाही.

माझी एक चूक

काही वर्षांपूर्वी मी एका आरएक्सचा ब्लॉक पाव मिलिमीटर वाढवायला दिला. पिस्टन नंतर आणू म्हणालो, दुकान बंद होतं. बोअर करणाऱ्याने आपल्या हिशोबाने ५०.२५ मध्ये ०.०४ क्लिअरन्स मिळवून ५०.२९ चा बोअर केला. काम सफाईदार होतं. आणलेला पिस्टन मात्र, मी घरी बसून मोजला तेव्हा, ५०.२० भरला. बऱ्याच पिस्टनमध्ये क्लिअरन्स आधीच वजा केलेला असतो, आणि तेव्हा ते माझ्या लक्षात नव्हतं. म्हणजे एकच क्लिअरन्स दोनदा कापला गेला. नव्या कोऱ्या कामात पहिल्या दिवसापासून ०.०९. खानापूरपर्यंत जाऊन आलो, आणि जुन्या पिस्टनपेक्षा नवा जास्त वाजत होता. त्या ब्लॉकची एक संधी माझ्यामुळे गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून नियम असा, की पिस्टन आधी विकत घ्यायचा, मोजायचा, मोजलेला आकडा कागदावर लिहून ब्लॉकबरोबर द्यायचा आणि सांगायचं, "या पिस्टनला पन्नास मायक्रॉन ठेवून बोअर करा." डब्यावर ०.२५ छापलेलं आहे यावर कोणीही मशीन लावू नये. बोअरनंतर होनिंग, म्हणजे भिंत दगडाने घासणं, हवंच, तिरप्या जाळीच्या रेघा उमटेपर्यंत, त्यात ऑइल धरून राहतं. पोर्टच्या कडा हाताने घासून बोथट करून घ्यायला सांगा. धारदार कड रिंगेला खाते. आणि ब्लॉक घरी आणून गरम पाणी आणि साबणाने ब्रश लावून धुवा. नुसत्या पेट्रोलने होनिंगची बारीक कच निघत नाही. पांढरं फडकं आतून फिरवून ते पांढरंच राहीपर्यंत धुवायचं, मग लगेच ऑइल लावायचं, नाहीतर तासाभरात गंज चढतो.

जुना पिस्टन फेकू नका

त्याच्यावर आजाराचं कारण लिहिलेलं असतं. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे असतील तर उष्णता जास्त झाली, मिश्रण पातळ होतं, कुठेतरी हवा ओढत होती. क्रँकच्या सीलमधून ओढली जाणारी हवा ही त्यातली सगळ्यात लपलेली. चार कोपऱ्यांवर चार पट्टे असतील तर क्लिअरन्स कमी होता, किंवा गार गाडी सुरू करून लगेच कोणीतरी ताणली. पिस्टन बोअरपेक्षा लवकर तापतो आणि अडकतो, म्हणून डिसेंबरात दोन मिनिटं थांबायला हवं.

मागची बाजू, कार्ब्युरेटरकडची, मळकट राखाडी आणि सगळीकडून बारीक घासलेली असेल तर ती धूळ. आपल्याकडे हे फार दिसतं. ऊसतोडीच्या महिन्यांत चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी या बाजूच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागून गाडी चालवलेली आहे त्याला ती धूळ माहीत आहे, आणि खानापूरकडची तांबडी माती तर पिठासारखी बारीक. 'पिकअप वाढतो' म्हणून एअर फिल्टर काढून टाकलेल्या गाड्यांचे पिस्टन मी एका हंगामात संपलेले पाहिलेत. अशा गाडीला नवा पिस्टन घालून फिल्टर तसाच उघडा ठेवला तर पुढच्या संक्रांतीला पुन्हा तीच टकटक.

ऑइलबद्दल थोडक्यात. मिसळून घालत असाल तर मापाने घाला. आरएक्ससारख्या गाडीला चांगलं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकसाठीचं, ऑइल लिटरला २० मिलिलिटर बहुतेक वेळा पुरतं, नव्या बोअरला पहिले काही दिवस २५ ते ३०. जुन्या येझदीला जास्त लागतं, तिच्या पुस्तकात बघा. जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षा, हे पूर्ण खरं नाही. ऑइल वाढलं की तेवढंच पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण पातळ होतं.

बसवताना पिस्टनच्या माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडे. पिनची लॉक नवीच घाला, जुनी काढताना ताणली गेलेली असतात. हेडचे नट तिरपे-तिरपे, थोडे-थोडे आवळा. पहिले पाचशे किलोमीटर थ्रॉटल सतत एका जागी धरू नका, कमी-जास्त करत चालवा, आणि हायवेवर लांब ओढू नका. बेळगाव ते निपाणी हा सरळ रस्ता नव्या पिस्टनला वाईट, खानापूरकडचा वळणावळणाचा बरा.

एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, बोअरची सहा मापं, पिस्टनचं माप, रिंगेची फट, जेटचा आकडा. माझ्या वहीत सगळ्यात वर अजून त्या चुकलेल्या ब्लॉकची पानं आहेत. आणि दर डिसेंबरात, पहिल्या गार सकाळी, मी किक मारून गाडी स्टँडवर सोडतो, स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानामागे लावतो, आणि टकटक किती सेकंदांनी विरते ते घड्याळात बघून तिथेच लिहितो. गेल्या वर्षी चाळीस सेकंद होते. यंदा पंचेचाळीस.